निळ्या पडद्यास, काळे झाल्याबद्दल

प्रति,
श्री. निळा पडदा (हल्ली काळा),
मुक्काम कर्नेल, पोस्ट विंडोज.



पत्रास कारण की, आपण रंग बदलल्याची बातमी आमच्याकडे जरा उशिराच पोचली. जून २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विंडोज अकरामध्ये यापुढे मशीन पडलं की निळा पडदा येणार नाही, काळा येईल. दोन टिंबं आणि एक कंस मिळून झालेला तो २०१२पासूनचा रडका चेहरा गेला. मोबाइलने स्कॅन करायचा चौकोन गेला. आता म्हणे काळ्यावर एखादं वाक्य, एक टक्केवारी, तळाला बारीक अक्षरात कारण, आणि तेही बहुतेकांसमोर दोनेक सेकंदच. मग मशीन आपलं आपण पुन्हा सुरू.

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला याचं काय, असं आपण विचाराल. विचारू नका. पंचवीसेक वर्षांचा संबंध आहे आपला. इतक्या वेळा आणि इतक्या अवेळी आमच्याकडे सख्खे पाहुणेही आलेले नाहीत. तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

आधी रंगाचं. निळ्यावर पांढरी अक्षरं हा काही कुणा मोठ्या कलावंताचा निर्णय नव्हता, हे मला ठाऊक आहे. १९९३ साली विंडोज एनटी आलं, त्यातला आपला पडदा जॉन व्हर्ट नावाच्या अभियंत्याने लिहिला. तो ज्या मशीनवर काम करायचा ते सुरू होतानाच निळ्यावर पांढरं दाखवायचं, आणि प्रोग्रॅम लिहायचा त्याचा एडिटरही त्याच रंगाचा होता. म्हणून तेच ठेवलं. पण छपाईच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, रंग जमला होता. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला चहा घेत बसलं तरी कळायचं की स्वारी आली. काळ्याचं तसं नाही. मॉनिटरची वायर ढिली झाली तरी काळं, स्क्रीनसेव्हर लागला तरी काळं, लाइट गेली तरी काळंच. त्या गर्दीत आपण आलात कधी आणि गेलात कधी, कुणाला कळणार? २०२१मध्येही एकदा काळे होऊन बघितलंत आणि थोड्याच दिवसांत निळे होऊन परतलात. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

आपली पहिली भेट विंडोज ९८च्या काळातली. मशीन उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून असेंबल करून आणलेलं. ६४ एमबी रॅम, चौदा इंची मॉनिटर आणि टेबलाखाली सीपीयूचा डबा. पेजमेकरमध्ये लग्नपत्रिका लावत होतो. पत्रिका म्हणजे काय प्रकरण असतं याची आपल्याला कल्पना नसेल. वर कुलदैवत, खाली निमंत्रक, मग दोन्हीकडची आजोळं, मग 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बालगोपाळ मंडळी, आणि यातलं एक नाव गळालं तर जन्माचा रुसवा. वधूपिता शेजारी खुर्ची ओढून बसलेले. आत्याबाईंचं नाव मावशींच्या वर घ्यायचं की खाली यावर घरी तीनदा फोन झालेला. तेवढ्यात आपण आलात. इंग्रजीत 'फेटल एक्सेप्शन' असं काहीतरी, पुढे आकडे आणि अक्षरांची रांग, आणि तळाला सल्ला की पुढे जायला कुठलीही कळ दाबा. दाबली. काही नाही. दुसरी दाबली. वधूपित्यांनी स्वतः पुढे होऊन स्पेसबार दाबला. त्या 'कुठल्याही' कळीत आमच्या कीबोर्डावरची एकही कळ बसत नव्हती. शेवटी कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. (ही युक्ती आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांची. एका हाताने चुकून दाबली जाऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम लांबलांबच्या कळा निवडल्या होत्या. आम्हाला ती पुढे डोळे मिटून जमायला लागली, हे त्यांना कळवायचं राहिलं.)

एक समाधान मागाहून मिळालं. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या संगणक प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर उभे होते, विंडोज ९८ बाजारात यायचं होतं, आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रात्यक्षिकासाठी स्कॅनरची वायर जोडताक्षणी भरल्या सभागृहासमोर आपण प्रकट झालात. ज्यांच्या घरचं मीठ खाल्लंत त्यांचीही भीड ठेवली नाहीत, तिथे आमच्या वधूपित्यांचा काय पाड!

मशीन कॅम्प तीनच्या मेकॅनिककडे न्यायचो. माणूस सिंधी, मराठी आमच्याइतकंच सफाईदार, शिव्या आमच्याहून स्वच्छ. डबा उघडायच्याही आधी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय लिहिलं होतं?" गिऱ्हाईक म्हणायचं, निळं झालं. तो म्हणायचा, निळं सगळ्यांचंच होतं, लिहिलं काय होतं? म्हणून मी आपला मजकूर पत्रिकेच्या प्रुफाच्या पाठीवर उतरवून न्यायला लागलो. शब्द मेमरीच्या अंगाने जाणारे असले की तो रॅमची पट्टी काढायचा, तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर घासायचा, फुंकर मारायचा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक' करेपर्यंत पट्टी दाबून बसवायचा. डिस्कचा संशय आला तर डेटा केबल बदलायचा. एखाद्या ड्रायव्हरचं नाव दिसलं तर ते कार्ड काढून शेजारच्या खाचेत घालायचा. अर्ध्या वेळा तेवढ्यावर भागायचं आणि उरलेल्या अर्ध्या वेळा खिशाला चाट. पण आपण लिहून ठेवल्यावाचून त्याचं पान हलत नसे.

विंडोज एक्सपीबरोबर एनटीचं घराणं आमच्या टेबलावर आलं आणि आपला स्वभाव पालटला. 'कुठलीही कळ दाबा' हा पोकळ सल्ला बंद झाला. त्या जागी सरळ आलं की बिघाड आढळला आहे आणि संगणकाची हानी होऊ नये म्हणून विंडोज बंद केलं आहे. दुकानात येणाऱ्या एकाचाही या वाक्यावर विश्वास बसत नसे. हानी तर झालीच की, म्हणायचे. मी मात्र या वाक्याची वकिली आजवर करत आलो आहे, ती अशी.

पेजमेकर, वर्ड, ब्राउझर यांना सिस्टिममध्ये मर्यादित अधिकार असतात. प्रत्येकाची मेमरी वेगळी. दुसऱ्याच्या मेमरीत हात घातला की त्या एकट्याला बंद केलं जातं, बाकीचं चालू राहतं. सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, आणि त्याच्या बरोबरीने चालणाऱ्या ड्रायव्हरांना मात्र सगळं रान मोकळं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, नेटवर्कचा, अँटिव्हायरसचा. यातल्या एकाने भलत्याच पत्त्यावर काहीतरी लिहून ठेवलं तर कर्नेलला एवढंच उमगतं की काहीतरी बिघडलंय. आणखी काय काय बिघडलंय हे कळायला मार्ग नसतो. अशा अवस्थेत काम रेटत राहिलं तर मेमरीतला कचरा डिस्कवर लिहिला जाऊ शकतो, आणि मग आजची पत्रिका सोडा, गेल्या पाच वर्षांचं काम पाण्यात. म्हणून थांबायचं. तिथल्या तिथे, कुणाचीही परवानगी न घेता.

कल्याण-कर्जत मार्गावर रोज लटकणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. सिग्नलची यंत्रणा बिघडली की सिग्नल लाल होतो. हिरवा राहत नाही, तशी रचनाच केलेली असते. विठ्ठलवाडी आणि उल्हासनगरच्या मध्ये गाडी खोळंबलेली, दारातले लोक रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करताहेत, आतल्यांना हात वर करून घाम पुसायलाही जागा नाही, आणि कुणीतरी म्हणतं, "सिग्नल फेल." लाल होऊन फेल झाला म्हणून आपण पुढच्या गाडीवर आदळलो नाही, हे त्या गर्दीत कोण बोलणार? बोललं तर मार खाईल. आपलं तेच होतं. पडद्यावर आपण दिसता, म्हणून शिव्या आपल्याला. बिघाड करणारा ड्रायव्हर नामानिराळा.

आणि थांबता तेही किती काटेकोरपणे! आधी बाकीच्या प्रोसेसरांना जागच्या जागी थोपवता. मग मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवता. त्या घडीला फाइल सिस्टिमवरही विसंबत नाही, कारण तीच बिघडलेली असू शकते. मशीन सुरू होतानाच पेजफाइलची डिस्कवरची नेमकी जागा टिपून ठेवलेली असते, तिथे थेट लिहिता, आणि मशीन पुन्हा उठलं की त्याची डंप फाइल तयार होते, तपासणाऱ्यासाठी. पडद्यावर टक्के मोजता ते याचेच. लोक वीस-तीस टक्क्यांवरच कंटाळून बटण दाबतात आणि मग कारण सापडत नाही म्हणून मेकॅनिकवर खेकसतात.

आपले लिनक्सकडचे चुलतबंधूही भेटतात अधूनमधून. ते कित्येकदा तोंडातून शब्द काढत नाहीत, कीबोर्डावरचे दिवे नुसते उघडझाप करतात. त्यापेक्षा आपण बरे.

आता तक्रार. ती आपण येता तेव्हाची नाही, येत नाही तेव्हाची आहे.

लाइट जाते तेव्हा आपल्याला यायला वेळच मिळत नाही. पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंद पुरते. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, म्हणजे हा वेळ एका आवर्तनाहूनही कमी. तेवढ्यात ना डंप होत ना पडदा रंगत. हार्ड डिस्क तेवढी शहाणी. ती तबकडीच्या उरलेल्या फिरण्यातूनच वीज काढते आणि आपलं डोकं सुरक्षित जागी नेऊन ठेवते. अंधारात टेबलाखालून 'टक्' असा आवाज यायचा तो तिचा.

२००५नंतरची सात-आठ वर्षं तर भारनियमनाचीच. वेळापत्रक पेपरात यायचं, ते कापून मॉनिटरच्या कडेला चिकटवायचं आणि कामाची गणितं त्यावर बसवायची. वेळापत्रकातली लाइट गेलेली परवडायची. घात करायची ती वेळापत्रकाबाहेरची. डीपी उडाली, फेज गेला, पावसात कुठेतरी केबल फुटली. यूपीएस होता, सहाशे व्हीएचा. नवा असताना दहा-पंधरा मिनिटं तग धरायचा, दोन वर्षांनी नुसताच बोंबलायचा. तो बोंबलला की पहिलं काम कंट्रोल एस. अजूनही मोबाइलवर मेसेज लिहिताना माझी डावी करंगळी आपोआप खाली जाते. बायको विचारते, हाताला काय झालंय?

पेजमेकरची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. पान बदललं की तो गुपचूप एक छोटा सेव्ह करून ठेवायचा. लाइट आल्यावर फाइल उघडली की शेवटचं पान बदललं होतं तिथपर्यंतचं काम परत मिळायचं. म्हणून आम्ही एकपानी पत्रिकेचीही दोन पानांची फाइल करायचो, आणि दर चार नावांनंतर त्या कोऱ्या पानावर उगाच एक चक्कर मारून यायचो. शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा मध्येच काय बघून येतो?

विंडोज ९८चा याबाबतीतला आगाऊपणा मी अजून विसरलेलो नाही. लाइट आल्यावर मशीन सुरू करावं तर आधी तपासणीचा पडदा, आणि त्यावर बोलणी की विंडोज नीट बंद केलं नव्हतं, म्हणून डिस्क तपासावी लागते आहे. लाइट घालवणारा दुसराच, बोलणी आम्हाला! हल्लीची पद्धत सभ्य आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नेल-पॉवर नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद पडते, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. दोषारोप नाही. ही सुधारणा मनापासून आवडली, कळवतो.

एनटीएफएस या फाइल सिस्टिममुळे पुष्कळ निभावलं, तेही कबूल. डिस्कवर बदल करण्याआधी ते काय करणार आहे ते लॉगमध्ये लिहून ठेवतं. मध्येच वीज गेली तर उठल्यावर लॉग वाचून अर्धवट काम एकतर पुरं करतं, नाहीतर मागे घेतं. पण ही काळजी फोल्डरांची, नावांची, आकाराची. आतल्या मजकुराची हमी कुणी घेत नाही. एका गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेची फाइल अशीच उघडली. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकार बरोबर, आत ओळीने शून्यं. संस्थेचे सचिव म्हणाले, "आकार जागेवर आहे ना, मग मजकूर गेला कुठे?" प्रश्न अगदी रास्त होता. मी चहा मागवला.

२६ जुलै २००५च्या पुराचं सांगायचं राहिलं. वालधुनी नदी दुकानांच्या रांगेत शिरली त्या दिवशी शट डाउनची रीत कुणी पाळली नाही. पाणी गुडघ्याला लागायच्या आत वायरी उपटून डबे माळ्यावर फेकले. मॉनिटर जड, ते शेवटी. त्यानंतर या भागात सीपीयू जमिनीवर ठेवणारा माणूस नवखा समजतात.

आणि १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघ्याकडच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर मुंबईने स्वतःला तोडून घेऊन आपल्या वीजकेंद्रांवर चालत राहायचं, अशी व्यवस्था आधीपासून होती. ती त्या दिवशी टिकली नाही. बिघडलेला एक भाग तोडून बाकीचं वाचवणं किती अवघड असतं, हे तेव्हा साऱ्या महानगराला कळलं. आपलं कर्नेल एकट्या वर्डला बाहेर काढून बाकीचं मशीन चालू ठेवतं, त्याचं कौतुक त्या दिवसापासून जास्तच वाटतं.

आता आम्हा लोकांचं. पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरलं की हार्डवेअरच वीज तोडतं, आपल्याला विचारतसुद्धा नाही. ही सोय अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवलेली. आमच्याकडे तीच पहिली झाली. नीट बंद करायला सांगितलं तर विंडोज एकेका प्रोग्रॅमला विचारतं, काही सेव्ह करायचंय का. थोडी वाट पाहतं, आणि कुणी अडून बसलं तर त्याचं नाव सांगून, तरीही बंद करू का, असं आपल्याला विचारतं. लिनक्समध्येही आधी विनंतीचा सिग्नल जातो, ऐकलं नाही तरच मारण्याचा. पण आमच्या भाच्याला लोकल पकडायची असते. त्याचा अंगठा थेट बटणावर. दुकान झाडणाऱ्या बाई तर बोर्डावरचं बटणच बंद करतात. त्यांना त्या चार सेकंदांचाही धीर नाही.

यात आपल्या घरच्यांनी एक घोळ घातलाय, तो स्पष्ट बोलतो. विंडोज आठपासून 'शट डाउन' म्हटलं तरी कर्नेल पुरतं बंद होत नाही. मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तीच उचलून पुढे चालू करतात. म्हणजे रात्री बिघडलेला ड्रायव्हर सकाळी तसाच हजर. 'रिस्टार्ट' केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, बंद करून चालू केलं, तरी जात नाही. खरं बोलत असतं बिचारं. मी म्हणतो, बंद करू नका, रिस्टार्ट करा. ते माझ्याकडे संशयाने बघतं.

आणि आता त्या शुक्रवारचा विषय, ज्याने आपलं नाव जगभर झालं. १९ जुलै २०२४. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने तिच्या फाल्कन नावाच्या प्रोग्रॅमसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. प्रोग्रॅमला एकवीस रकान्यांची माहिती अपेक्षित होती, प्रत्यक्षात पुरवली गेली वीस रकान्यांची. एकविसावा शोधायला तो आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत गेला. साधा प्रोग्रॅम असता तर एकटा मेला असता. पण हा बसला होता कर्नेलमध्ये आणि मशीनबरोबरच सुरू होणारा. म्हणून प्रत्येक वेळी सुरू, प्रत्येक वेळी आपण. दहा सत्तावन्नला कंपनीने फाइल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशीनं पडली होती. जगातल्या विंडोज मशीनांच्या एक टक्काही नव्हेत, पण नेमकी विमानतळांची, बँकांची, इस्पितळांची. मुंबई विमानतळावर इंडिगो, अकासा, स्पाइसजेटची चेक-इन हाताने चालली होती. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाच्या हातात पेनाने लिहिलेला बोर्डिंग पास पडला आणि त्याचा फोटो देशभर फिरला. आमच्या दुकानात त्या दिवशी काही झालं नाही. फाल्कन परवडायला आधी धंदा तेवढा पाहिजे.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत फोटो कुणाचा? आपला. निळ्या पडद्यांची रांग, खाली मथळा. ज्या वीस-एकवीसच्या घोळाने हे झालं त्याचा फोटो काढता येत नाही, आपला येतो. दुरुस्तीही आठवा. प्रत्येक मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये सुरू करून, दोनशे एक्क्याण्णव आकडा असलेली ती फाइल हाताने पुसायची. डिस्कला कुलूप असेल तर आधी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली शोधायची. हजारो माणसं कित्येक दिवस हेच करत होती. त्यांना कुठल्या ड्रायव्हरपासून सुरुवात करायची हे सांगितलं कुणी? आपण. तळाच्या त्या बारीक ओळीत फाल्कनच्या ड्रायव्हरचं नाव लिहिलेलं होतं.

त्या शुक्रवारनंतर आपल्या घरात बरंच काही हललं, हेही ऐकून आहे. मशीन पुन्हा पुन्हा पडत राहिलं तर नेटवरून दुरुस्ती उतरवून घ्यायची सोय आली. सुरक्षा कंपन्यांना कर्नेलच्या बाहेर बसवायचं काम चालू आहे. चांगलं आहे. त्याबद्दल अभिनंदन. तक्रार फक्त त्या दोन सेकंदांची. लवकर उठणं चांगलं, पण कशाने पडलो ते न सांगता उठणारं माणूस आम्हाला फारसं भरवशाचं वाटत नाही. आणि मशीन आज दोन सेकंदांत उठलं, उद्याही उठलं, तर खराब रॅम घेऊनच लोक महिनोन्‌महिने काम करतील, आणि एक दिवस शून्यांनी भरलेली फाइल घेऊन माझ्याकडे येतील. तेव्हा त्यांच्या सचिवांना मी काय सांगू?

आपोआप रिस्टार्ट करायचा जो टिक 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या चौकटीत आधीपासूनच मारून येतो, तो आम्ही प्रत्येक नव्या मशीनवर सगळ्यात आधी काढतो. हे पत्र जे कुणी वाचत असतील त्यांनीही काढावा. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये सापडतो, फुकट असतो. टिक निघाला की आपण पडद्यावर थांबता, लिहिलेलं उतरवून घेता येतं, फोटो काढता येतो. पण हे दुकानदाराला माहीत. ज्याच्या लॅपटॉपवर मुलीचा प्रोजेक्ट आहे किंवा सोसायटीचा ताळेबंद आहे, त्याने हे कुठून शोधायचं?

तेव्हा विनंती एवढीच. रंग कोणताही घ्या, चेहरा काढून टाकलात त्याचंही दुःख नाही, फार बालिश होता तो. पण तळाची ती ओळ मोठ्या अक्षरात लिहा, आणि कुणीतरी कळ दाबेपर्यंत तिथे उभे राहा. या वेळी खरोखर कुठलीही कळ चालू द्या. कॅम्प तीनचा मेकॅनिक डबा उघडायच्या आधी अजून तोच प्रश्न विचारतो. गिऱ्हाइकाला उत्तर देता येईल एवढा वेळ तरी थांबा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
विठ्ठलवाडीचा एक डीटीपीवाला